अन्ननलिकेला अ‍ॅसिडने सूज आलीय, डिंकाचं पाणी घेऊन आतून खरंच थर बसतो का?

सिडकोची_सून

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या. आमचे हे नाशिकच्या अंबड एमआयडीसीत कंपनीत आहेत, फर्स्ट सेकंड नाईट अशी शिफ्ट फिरत राहते त्यामुळे जेवणाचा काही मेळच नाही. नाईटला पहाटे कॅन्टीनचा वडा नाहीतर भजी वर चहा, सकाळी घरी आले की पोळीभाजी पोटभर खायची आणि लगेच आडवं व्हायचं. अ‍ॅसिडिटी जुनीच आहे, मेडिकलमधून इनोची पुडी नाहीतर कुठलीतरी गुलाबी बाटली आणून वेळ मारून नेत होते. दिवाळीनंतर छातीत जळजळ एवढी वाढली की मी घाबरून आधी ईसीजी करायला लावला, तो नॉर्मल आला, मग डॉक्टर म्हणाले दुर्बीण टाकून बघू. रिपोर्टमध्ये ग्रेड ए इसोफॅजायटिस (अन्ननलिकेची सौम्य सूज) आणि लहानसा हायटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीकडे सरकलेला) असं लिहून आलंय. पॅन्टोप्राझोल आठ आठवडे सकाळी उपाशीपोटी, आणि जेवणानंतर घ्यायचं एक पातळ औषध दिलंय, त्यावर सोडियम अल्जिनेट असं काहीतरी छापलंय.

आता मुद्दा असा की सासूबाई पेठ तालुक्यातल्या, त्यांच्याकडे डिंक घरचाच. त्यांचं म्हणणं, आतली कातडी सोलवटलीय तर तिच्यावर लेप बसला पाहिजे, गोळी खाऊन लेप कसा बसेल. म्हणून त्या रोज रात्री वाटीत डिंक भिजवतात आणि सकाळी ह्यांना ते पाणी देतात, गोळीच्या आधी. शिवाय थंडी आहे म्हणून डिंकाचे लाडू सुरूच आहेत. हे म्हणतात पाणी प्यायलं की गार वाटतं. मी नेटवर शोधलं तर काजूच्या झाडाच्या डिंकावर परदेशात अन्ननलिकेसाठी संशोधन झालंय असं सापडलं, मग वाटलं सासूबाई अगदीच चुकीचं बोलत नसतील.

विचारायचं एवढंच की डिंकाने खरंच थर बसतो का, कोणता डिंक चालतो, गोळीच्या आधी घेतला तर गोळी वाया जाते का, आणि ह्यांना बीपीची गोळीपण चालू आहे त्याचं काय. कुणी घेतलं असेल तर सांगा प्लीज.

तर्री_वेगळी

वहिनी डिंक वगैरे नंतर, आधी पहाटेचा वडा बंद करा. मी सातपूरला आहे, आमच्या लाईनवर अर्ध्या लोकांच्या खिशात अ‍ॅसिडिटीची स्ट्रिप असते. नाशकात राहून रविवारी मिसळ सोडणं जड जातं मान्य आहे, मी तर्री वेगळी मागवतो आणि निम्मी परत पाठवतो, पण मला मिसळीपेक्षा खाऊन लगेच झोपण्याने जास्त त्रास व्हायचा. नाईटवरून आलं की थोडंसंच खायचं, आंघोळ, पोरांना शाळेत सोडायचं, भाजी आणायची, आणि मग झोपायचं. जेवण आणि झोप यात दोन तीन तास गेले पाहिजेत. मला डिंकाचं काही माहीत नाही.

खल_बत्ता

ताई, मी डॉक्टर नाही हे आधी सांगतो, फार्मसी कॉलेजात शिकवायचो, आता रिटायर. पण डिंकांशी माझी ओळख जुनी आहे. पोरांना प्रॅक्टिकलला इमल्शन करायला लावायचो, चार भाग तेल, दोन भाग पाणी, एक भाग बाभळीच्या डिंकाची पूड, खलात एकाच दिशेने घोटत राहायचं, टकटक आवाज यायला लागला की समजायचं जमलं. तेव्हा डिंक तेलाच्या थेंबाभोवती थर धरतो हे आम्ही रोज बघत होतो. अन्ननलिकेच्या आतल्या पेशींवर धरतो का हा प्रश्न मात्र वेगळा आहे आणि त्याचं उत्तर अलीकडच्या वर्षांतलं आहे.

सासूबाईंचं हसण्यावारी नेऊ नका, त्यांच्या बोलण्यात एक गोष्ट अगदी बरोबर आहे. गोळी अ‍ॅसिड बनणं कमी करते, पण जे पाणी उलटं वर येतं ते येणं काही गोळी थांबवत नाही. हायटस हर्निया असल्यावर तर अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडप सैलच असते. आणि वर येतं त्यात नुसतं अ‍ॅसिड नसतं, पेप्सिन म्हणजे जठरातला प्रथिनं पचवणारा पाचक घटक असतो, कधी कधी पित्ताचे क्षारही असतात. जठराला स्वतःचा जाड बुळबुळीत थर असतो आणि त्यात बायकार्बोनेट, म्हणून जठर स्वतःच्या अ‍ॅसिडने जळत नाही. अन्ननलिकेला तसा थर नसल्यात जमा. तिथं संरक्षण म्हणजे पेशींचे एकावर एक थर आणि आपण दिवसभर गिळत असतो ती लाळ, बस. अ‍ॅसिड पेप्सिन पित्त तिन्ही मिळून त्या पेशींमधले सांधे ढिले करतात, फटी रुंदावतात, मग अ‍ॅसिड आत झिरपून नसांच्या टोकांपर्यंत पोचतं. म्हणूनच काही लोकांची दुर्बीण स्वच्छ येते आणि तरी छाती पेटलेली असते, त्यांना घरचे म्हणतात नाटकं करतोय.

तर वरून काहीतरी चिकटवून ह्या फटींपर्यंत अ‍ॅसिड पोचूच द्यायचं नाही ही कल्पना. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या लोकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेलं काम आहे, त्यात रुग्णांच्या अन्ननलिकेतून दुर्बिणीने काढलेले बारीक तुकडे ढोलकीच्या कातड्यासारखे दोन कप्प्यांमध्ये ताणून बसवले आणि त्यातून विजेला किती अडथळा होतो ते मोजलं. अ‍ॅसिड, पेप्सिन आणि पित्तक्षारांचं मिश्रण टाकलं की अडथळा घसरतो, म्हणजे पेशींचा बांध फुटला. आधी सोडियम अल्जिनेट लावून ठेवलं तर घसरण बरीच कमी झाली. आणि त्याला चमकणारा रंग जोडून पाहिलं तर ते तासाभरापर्यंत तुकड्याला चिकटलेलं दिसलं. अल्जिनेट म्हणजे तपकिरी समुद्री शेवाळातून निघणारी, साखरेसारख्या रेणूंची लांब साखळी, तुमच्या बाटलीत आहे तेच ते.

मग ब्राझीलच्या आणि लंडनच्या लोकांनी मिळून काजूच्या डिंकावर तसंच काम केलं, ते २०१९ ला छापून आलं. काजूचं झाड मुळात ब्राझीलचंच, पोर्तुगीजांनी इकडे आणलं, तिथे त्याचा डिंक भरपूर. शुद्ध केलेला डिंक आधी लावून ठेवला तर ज्यांची दुर्बीण नॉर्मल पण जळजळ आहे अशा रुग्णांच्या तुकड्यांवर अ‍ॅसिडचा मारा कमी बसला, आणि उंदरांवरही फायदा दिसला. तुम्ही वाचलं ते बहुतेक हेच.

आता ह्यातली मेख. हे सगळं प्रयोगशाळेतलं. तुकडा स्थिर बसलाय, त्यावरून घास जात नाही, लाळ वाहत नाही, कोणी चहा पीत नाही. जिवंत माणसाच्या घशाखाली टाकलेली गोष्ट काही सेकंदात पोटात पोचते, मागे जे चिकटून राहील तेवढंच कामाचं. म्हणून काजूच्या डिंकाचं औषध मेडिकलमध्ये मिळत नाही, आणि कोणी कोकणातून झाडावरचा डिंक मागवून खाऊ पण नका. प्रयोगात डिंक विरघळवून गाळून अल्कोहोलने साका बसवून शुद्ध केलेला असतो. काजूच्या टरफलातलं तेल कातडी भाजतं हे कोकणातल्या बायकांच्या हातांना विचारा, बागेतून खरवडून आणलेल्या डिंकात काय काय लागलंय कोण बघणार.

थोडक्यात, वरून थर देणारं जे औषध म्हणून माणसांना दिलं जातंय ते तुमच्या हातात आधीच आहे, ती अल्जिनेटची बाटली. ती कशी घ्यायची यावर जास्त लक्ष द्या.

काष्ठौषधीवाला

खल_बत्ता सरांनी छान लिहिलंय, दुकानदार म्हणून थोडी भर टाकतो. आमचं जुनं दुकान आहे गावात, भद्रकालीच्या बाजूला. हिवाळा लागला की डिंकाला रांग लागते पण दहापैकी आठ जणांना आपण काय घेतोय ते माहीत नसतं. नुसतं डिंक द्या म्हणतात. बाभळीचा वेगळा, धावड्याचा वेगळा, खैराचा वेगळा. लाडवाला धावड्याचा मागतात कारण तो तुपात चांगला फुलतो आणि कुरकुरीत राहतो. आणि कतिरा तर पूर्ण वेगळी वस्तू आहे.

कतिऱ्यात पण दोन तीन गोष्टी एकाच नावाने विकल्या जातात. एक इराणकडून येतो तो, पातळ शिंपल्या असतात, महाग. दुसरा आपला कांडोळचा, कढईचं झाड म्हणतात त्याला, काही लोक भुत्या म्हणतात कारण उन्हाळ्यात पानं गळाली की पांढरीफट्ट साल रात्री अंगावर येते. तिसरा सोनसावरीचा. भिजवल्यावर कतिरा विरघळत नाही, फुगतो, चिमूटभर टाकला तर वाटीभर होतो. बाभळीचा डिंक उलटा, पाण्यात पूर्ण विरघळतो आणि पाणी पातळच राहतं, थोडं चिकट एवढंच. ताईंच्या सासूबाई जो भिजवतात तो सकाळी विरघळलेला असेल तर बाभूळ धावडा समजा, फुगलेला असेल तर कतिरा. कांडोळचा जुना झाला की त्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, तो आमच्याकडे लोक खराब म्हणून परत आणतात पण तो त्याचा स्वभावच आहे.

अजून एक सांगतो, राळ, गुग्गुळ, हिंग हे पण झाडाचेच पण ते डिंक नव्हेत, त्यात राळेचा भाग असतो, निखाऱ्यावर टाकलं की वास सुटतो. डिंक नुसता जळतो. कोणी लेप बसेल म्हणून राळ खायला सांगितली तर त्याला हात जोडा. आणि भेसळ पण असते, रंगीत खडे चकचकीत दिसले म्हणजे चांगले असं नसतं, फिक्या रंगाचे एकसारखे आणि सालीचा कचरा नसलेले घ्या.

सिडकोची_सून

दादा धन्यवाद, मी आत्ता बघून आले, फुगलेलं आहे. म्हणजे कतिरा निघाला, आणि आम्ही घरात त्याला डिंक डिंक म्हणतोय. सासूबाई म्हणतात माहेरी तो झाडावरूनच काढायचे, कुऱ्हाडीने खाच मारायची आणि काही दिवसांनी जाऊन गोळा करायचा, आता ती झाडंच कमी झालीत.

सर, मग फुगलेला असल्यावर तो जाड असतो ना, जाड म्हणजे जास्त चिकटेल असं नाही का? आणि लाडवातल्या डिंकाचं काय?

खल_बत्ता

जाड आणि चिकट ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, विद्यार्थ्यांनाही हे समजायला वेळ लागायचा. काजूच्या डिंकाचं द्रावण पातळ असतं तरी त्या तुकड्यांवर टिकलं. उलट फुगलेला कतिरा गोळा होऊन सरळ खाली उतरू शकतो. चिकटणं हे त्या साखळीवर कुठले गट आहेत, त्यांचं पेशींवरच्या बुळबुळीशी कसं जमतं यावर ठरतं, आणि हे डिंकागणिक बदलतं. त्यामुळे काजूच्या डिंकाचा निष्कर्ष उचलून कतिऱ्याला किंवा बाभळीला लावता येणार नाही. प्रत्येकाची परीक्षा वेगळी द्यावी लागेल.

लाडवाचं म्हणाल तर तिथं लेपाचा विषयच संपला. डिंक तुपात तळला, फुलला, कुटला, गूळ खोबरं खारीक मेथी आणि तुपात मुरला. तो दातांनी चावून खाल्लेला कण आहे, थर नाही. आणि तूप जास्त असल्याने जठर रिकामं व्हायला वेळ लागतो, झडप पण सैल पडते, म्हणजे उलटं यायची सोय. लाडू वाईट नाही हो, बाळंतिणीला द्या, थंडीत एखादा सकाळी खा, पण अन्ननलिकेचं औषध म्हणून रात्री झोपताना नको.

अल्जिनेटबद्दल. ते दोन प्रकारे काम करतं. एक, पोटातल्या अ‍ॅसिडला भिडलं की जेली होते, आणि बाटलीत बायकार्बोनेट असतं त्याचा कार्बन डायऑक्साइड त्या जेलीत अडकतो, त्यामुळे ती जेवणाच्या वर तरंगते. जेवणानंतर वरच्या बाजूला, झडपेच्या अगदी खाली, ताज्या अ‍ॅसिडचा एक साठा राहतो, जळजळ बहुतेक तिथूनच येते, त्यावर हा तराफा जाऊन बसतो. उलटं आलंच तर आधी जेली वर येते. दोन, जाता जाता अन्ननलिकेला थोडंफार चिकटतं, ते वर सांगितलंच. म्हणून ते जेवल्यानंतर आणि झोपायच्या आधी घ्यायचं असतं. उपाशीपोटी घेतलं तर तरंगायला खाली काही नसतं, लवकर निघून जातं. आणि घेतल्यावर वरून ग्लासभर पाणी ढोसायचं नाही, जे चिकटलं ते धुवून काढाल. माझ्या ओळखीतले निम्मे लोक ते सकाळी चहाआधी घेतात आणि म्हणतात उपयोग नाही.

मिस्टरांची जेवणाची वेळ फिरते ना, मग घड्याळाकडे बघू नका, ज्या जेवणानंतर ते झोपतात त्या जेवणाला धरून चालवा. मग ते सकाळचे नऊ असले तरी.

आता बीपी. अल्जिनेटच्या औषधात सोडियम चांगलंच असतं, लेबलवर लिहिलेलं असतं ते बघा, आणि बीपीची गोळी चालू आहे हे त्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा, हार्ट किंवा किडनीचा त्रास असता तर अजून सांभाळावं लागलं असतं. कमी सोडियमवाले पर्याय असतात, विचारा.

पॅन्टोप्राझोल सकाळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी, साध्या पाण्याबरोबर. त्याच्या आधी कतिऱ्याचा जाड गोळा नको. फुगणाऱ्या गोष्टी गोळ्या अडकवून ठेवतात, उशीर करतात. बीपीच्या गोळीलाही हेच लागू. सासूबाईंचं मन राखायचंच असेल तर कतिरा दुपारी, औषधांपासून दोन तास लांब, भरपूर पाण्यात पूर्ण भिजवलेला आणि थोडासाच.

देवळालीकर

ह्या थ्रेडवर एक गोष्ट कोणीच लिहिली नाही म्हणून लिहितो, फुगणाऱ्या वस्तूची भीती. आमच्या काकांनी इसबगोल कोरडं तोंडात टाकलं आणि वरून घोटभर पाणी, ते छातीत जाऊन फुगलं, खाली उतरेना वर येईना, लाळ गिळता येईना. रात्री दवाखान्यात नेऊन दुर्बिणीने काढलं. त्यांना आधीपासून घास अडकायचा हे त्यांनी कुणाला सांगितलंच नव्हतं. नंतर मी वाचत बसलो तर अमेरिकेत वजन कमी करायच्या ग्वार गमच्या गोळ्या होत्या, त्या अन्ननलिकेत फुगून अडकल्याच्या केसेस झाल्या आणि १९९० च्या सुमारास तिथल्या एफडीएने, म्हणजे औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, त्या बाजारातून काढायला लावल्या. ग्वार गम म्हणजे आपली गवार, तिच्याच बियांचा डिंक.

ज्यांना आधीच सूज आहे, अन्ननलिका अरुंद झालीय, घास अडकतो, त्यांनी कतिरा इसबगोल सब्जा असलं काही डॉक्टरला न विचारता घेऊच नये. वहिनी, तुमच्या मिस्टरांना घास अडकतो का हे विचारा, पुरुष सांगत नाहीत.

गंगापूररोड_वैद्या

मी आयुर्वेदाची प्रॅक्टिस करते. इथे सगळे डिंकाच्या मागे लागलेत पण आमच्याकडे अम्लपित्ताला कोणी पहिला उपाय म्हणून डिंक देत नाही. डिंक पचायला जड. ज्याचा अग्नी मंद, रात्रपाळी, अवेळी जेवण, दिवसा झोप, त्याला अजून जड वस्तू कशाला. मी आधी जेवण हलकं करते, मुगाचं कढण, भात, दुधी, पडवळ, आणि आंबवलेलं तळलेलं बंद. नाशकात लोकांना उकडीचं खायला सांगितलं की तोंड वाकडं होतं, पण फरक पडतो. गरजेनुसार शतावरी, ज्येष्ठमध. ज्येष्ठमधाला पण घशाला लेप देण्याचा गुण आहेच की, डिंकाइतकंच.

खल_बत्ता

मॅडम, जेवणाबद्दल पूर्ण सहमत. पण ह्या पेशंटला बीपी आहे. ज्येष्ठमधातलं ग्लिसिऱ्हायझिन रोज पोटात गेलं की शरीर मीठपाणी धरून ठेवतं, पोटॅशियम उतरतं, बीपी चढतं. ते काढून टाकलेला अर्क मिळतो, पण बाजारातली साधी पूड म्हणजे ती नव्हे. बीपीवाल्या माणसाला नेटवर ज्येष्ठमध सुचवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

गंगापूररोड_वैद्या

बीपीचं वरच्या पोस्टमध्ये होतं, माझ्या पोस्टमध्ये गरजेनुसार लिहिलंय ते त्याचसाठी. पेशंट समोर असल्याशिवाय मी पण देणार नाही. त्यांच्यासाठी ज्येष्ठमध नको, चला. पण एक सांगते सर, तुमच्या अल्जिनेटने पण शिफ्ट बदलत नाही आणि पोट कमी होत नाही. वजन किती आहे त्यांचं हे इथे कुणी विचारलंच नाही. पोटावर चरबी असली की आतून दाब येतो आणि सगळं वर ढकललं जातं, कमरेचा पट्टा एक भोक सैल केला तरी काहींना फरक जाणवतो.

खल_बत्ता

हे मान्य. आणि डोक्याकडची बाजू उंच करणं, उशा रचून नाही, उशांनी पोट दुमडतं आणि दाब वाढतो. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा नाहीतर लाकडी ठोकळे, सहा ते आठ इंच. डाव्या कुशीवर झोपायचं, जठराची ठेवण अशी आहे की डाव्या कुशीवर अ‍ॅसिड झडपेच्या खाली राहतं, उजव्या कुशीवर झडपेवर येतं. आणि लाळेचं मी वर लिहिलं होतं, जेवणानंतर अर्धा तास बिनसाखरेचं च्युइंगम चघळलं तर लाळ जास्त गिळली जाते आणि अन्ननलिका लवकर धुतली जाते, ह्यावर अभ्यास झालेत. पेपरमिंटचं नको, पुदिन्याने झडप सैल होते. कंपनीत च्युइंगम चालत नसेल तर गोष्ट वेगळी.

तर्री_वेगळी

आमच्याकडे शॉप फ्लोअरवर च्युइंगम बंदी आहे, मशीनला चिकटवतात लोक. तंबाखूला मात्र कोणी बघत नाही. वहिनी, ह्यांचा तंबाखू आहे का? अंबड सातपूरला नाईट म्हटलं की मळून बार भरणं आलंच, आणि त्याने पण अ‍ॅसिडिटी वाढते असं आमच्या कंपनीच्या डॉक्टरने सांगितलेलं.

सिडकोची_सून

तंबाखू होता, दुर्बिणीनंतर सोडलाय असं म्हणतात, खिसे तपासत नाही मी. वजन आहे हो, पोट बरंच आहे. आणि देवळालीकर दादा, तुमची पोस्ट वाचून मी काल विचारलं. आधी नाही म्हणाले, मग म्हणाले भाकरीचा कोरडा घास कधीकधी छातीत थांबल्यासारखा वाटतो, पाणी प्यायलं की जातो, मला वाटलं गॅस असेल. माझ्या पोटात गोळाच आला. कतिरा बंद केला आहे, सासूबाईंना देवळालीकरांच्या काकांची गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनीच वाटी उचलून ठेवली. हे लगेच दाखवू का की आठ आठवड्यांचा कोर्स संपल्यावर?

खल_बत्ता

लगेच. कोर्स संपायची वाट बघायची नाही. रिपोर्ट नुकताच झालाय आणि त्यात अरुंदपणाचं काही लिहिलं नाही म्हणजे बहुतेक सुजेमुळे असेल, पण घास अडकतो हे डॉक्टरांच्या कानावर घालायलाच पाहिजे, ते त्यांना दुर्बिणीच्या वेळी सांगितलं होतं का तेही विचारा. ह्या गोष्टीला थांबायचं नसतं, तसंच वजन आपोआप उतरणं, रक्ताची उलटी, काळी डांबरासारखी शी, रक्त कमी होणं. आणि छातीतलं दुखणं हाताकडे जबड्याकडे गेलं, घाम फुटला, तर अ‍ॅसिडिटी समजून अल्जिनेट पाजत बसू नका, थेट इमर्जन्सी. आधीचा ईसीजी नॉर्मल होता म्हणून निर्धास्त राहू नये.

गोळी कोर्स संपल्यावर एकदम बंद केली की काही दिवस अ‍ॅसिड उसळून जास्त वाटतं, त्याला लोक आजार परत आला समजून स्वतःच गोळी सुरू करतात आणि वर्षानुवर्षं खातात. बंद कशी करायची हे पण त्याच भेटीत विचारून घ्या. त्या उतरणीच्या काळात अल्जिनेट कामाला येतं.

काष्ठौषधीवाला

ताई, सासूबाईंकडे उरलेला कतिरा टाकून देऊ नका, डब्यात कोरडा ठेवला तर टिकतो, उन्हाळ्यात घरातल्या धडधाकट माणसांना सरबतात चमचाभर, रात्रभर भिजवून. ह्यांना नाही. आणि सासूबाईंना विचाराल का, त्यांच्या माहेरी कांडोळला खाच मारायचे ती किती खोल मारायचे? आमच्याकडे माल घेऊन येणारे म्हातारे सांगतात की आता पोरं कुऱ्हाडीने खोलवर घाव घालतात, डिंक एकदम जास्त निघतो पण झाड वाळतं.

सिडकोची_सून

विचारलं. म्हणाल्या वरची साल फक्त खरवडायची, बोटाच्या पेरापेक्षा कमी, आणि एका झाडाला एका वर्षी एकाच बाजूला. परवाची अपॉइंटमेंट मिळाली आहे, सेकंड शिफ्ट आहे म्हणून सकाळची घेतली.